रिले ओके, तरी इनकमर गेला: प्रोटेक्शन तपासायचं म्हणजे नेमकं काय?

प्रश्न असा आहे. ३३/११ केव्ही उपकेंद्रात एका ११ केव्ही फीडरवर (बाहेर वीज नेणाऱ्या लाइनवर) फॉल्ट आला, पण फीडरचा ब्रेकर उघडलाच नाही. शेवटी इनकमर, म्हणजे बसला (सगळे फीडर जोडलेल्या सामाईक पट्टीला) वीज देणारा मुख्य ब्रेकर गेला आणि त्याच्यासोबत बसवरचे सगळे फीडर गेले. या फीडरचा रिले, म्हणजे फॉल्ट ओळखून ब्रेकरला उघडायचा हुकूम देणारं उपकरण, महिनाभरापूर्वीच सेकंडरी इंजेक्शनने (टेस्ट किटमधून रिलेत करंट सोडून) तपासला होता. पिकअप (रिले ज्या करंटला उचलतो तो) आणि टायमिंग चोख होतं, ब्रेकर उघडणाऱ्या सर्किटचा 'ट्रिप सर्किट हेल्दी' हा दिवाही लागलेला होता. मग चुकलं कुठे? आणि त्याला जोडून दुसरा प्रश्न: न्यूमेरिकल (मायक्रोप्रोसेसरचा) रिले स्वतःवर स्वतःच लक्ष ठेवतो म्हणतात, तर दर वर्षी किट घेऊन त्याच्यापुढे बसायचं कशाला?

तुमचा रिले बहुधा निर्दोष आहे. यार्डातल्या सीटीच्या (करंट ट्रान्सफॉर्मरच्या) प्रायमरीपासून ब्रेकरच्या ट्रिप कॉइलपर्यंत एक लांबलचक साखळी असते: सीटी, मार्शलिंग बॉक्स, केबल, पॅनेलचे टर्मिनल, टेस्ट ब्लॉक, रिले, त्याचा आउटपुट कॉन्टॅक्ट, मास्टर ट्रिप रिले असेल तर तो, डीसीचा फ्यूज किंवा एमसीबी, परत केबल, ब्रेकरचा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट, कॉइल, आणि कॉइल ज्याला धक्का देते तो लॅच (खटका). टेस्ट ब्लॉकमध्ये प्लग खुपसून तुम्ही इंजेक्शन दिलंत तेव्हा या साखळीतली वीतभर कडी तपासली गेली. बाकीची साखळी कमिशनिंगनंतर कुणी तपासली होती का, हे आधी रजिस्टरात बघा.

पण त्याही आधी एक काम करा. रिलेतले इव्हेंट आणि डिस्टर्बन्स रेकॉर्ड लॅपटॉपवर उतरवून घ्या. ही मेमरी गोल फिरते: ठराविक संख्या भरली की नवा रेकॉर्ड सर्वांत जुन्याला पुसून टाकतो. फॉल्टनंतर दुसऱ्याच दिवशी लोक घाईघाईने किट लावतात, वीस-पंचवीस इंजेक्शनं देतात आणि स्वतःच्याच टेस्टने खऱ्या फॉल्टचा पुरावा पुसतात. एकदा पुसलं की नंतर उरतात फक्त तर्क. इनकमरच्या रिलेचा रेकॉर्डही घ्या, आणि दोघांच्या घड्याळांत किती फरक आहे तो लिहून ठेवा. नाहीतर दोन रेकॉर्ड शेजारी ठेवून काहीच जुळणार नाही.

रेकॉर्ड उघडल्यावर तीनपैकी एक चित्र दिसेल. फीडरच्या रिलेने ट्रिप दिला पण करंट तुटला नाही. किंवा रिलेने पिकअप घेतला, मोजत राहिला आणि त्याची वेळ पुरी होण्याआधीच इनकमर गेला. किंवा इनकमरने हजारो अँपिअर पाहिले आणि फीडरच्या रिलेला त्याचा पत्ताच नव्हता.

पहिलं चित्र सर्वांत जास्त वेळा दिसतं, म्हणून तिथे थोडं थांबू. 'दिवा लागलेला होता' या तुमच्या वाक्यातच गोम आहे. ११० व्होल्ट डीसीवर ५ अँपिअर घेणारी ट्रिप कॉइल घ्या, म्हणजे रोध २२ ओहम. मानकांप्रमाणे ट्रिप कॉइलने रेटेड व्होल्टेजच्या ७० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ७७ व्होल्टपर्यंत काम केलंच पाहिजे. त्याखाली तिने काम केलं तर नशीब. आता वाटेतल्या एका टर्मिनलवर लगखाली हिरवट चूर साठलाय आणि तिथे १० ओहम आलेत असं धरा. ट्रिप आल्यावर सर्किटमध्ये ३२ ओहम होतात, करंट जातो ३.४ अँपिअर आणि कॉइलच्या वाट्याला येतात ७५.६ व्होल्ट. त्यात बॅटरी जरा उतरलेली असेल किंवा लॅच जड असेल तर ब्रेकर जागचा हलत नाही. तो दिवा लावणारा सुपरव्हिजनचा रिले मात्र याच वाटेने जेमतेम दोन-चार मिलिअँपिअर सोडतो. २ मिलिअँपिअरला १० ओहमवर २० मिलिव्होल्ट पडतात. दिवा विझायचं काही कारणच नाही. तार तुटली, कॉइल जळली, फ्यूज गेला तर तो सांगेल. जॉइंट अशक्त झालाय हे त्याला दिसणं शक्य नाही.

म्हणून ट्रिप सर्किट तपासायचं ते खऱ्या ट्रिपने, आणि मीटर कॉइलच्या टर्मिनलवर लावून. पॅनेलवर किंवा बॅटरीपाशी ११० व्होल्ट दिसण्याला काही किंमत नाही, कारण करंट वाहत नसताना कुठलाही कुजका जॉइंट पूर्ण व्होल्टेज दाखवतो. ट्रिपचा झटका काही शतांश सेकंदांतच संपतो, साध्या मल्टीमीटरला तो पकडता येत नाही. रेकॉर्डर किंवा डीसी क्लॅम्प असलेला ऑसिलोस्कोप हवा. ब्रेकर अॅनलायझर असेल तर उत्तमच.

कॉइलच्या करंटचा आलेख बघायला शिका, हे मी प्रत्येक नव्या इंजिनिअरला सांगतो. करंट चढतो, मग प्लंजर हलायला लागला की किंचित खाली वाकतो, पुन्हा चढतो आणि ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट उघडला की तुटतो. तो मधला वाकडेपणा नेहमीपेक्षा उशिरा आला तर प्लंजर अडखळतोय. शेवटचं तुटणं उशिरा आलं तर यंत्रणा जड झाली आहे. मात्र हा आलेख पहिल्याच ट्रिपचा हवा. वर्ष-दीड वर्ष न हललेल्या ब्रेकरचं ग्रीस घट्ट होतं. शटडाउन मिळाल्यावर ऑपरेटर आधी चार वेळा ट्रिप-क्लोज करून बघतो, मग टायमिंग घेतलं जातं आणि ते नव्यासारखं येतं! फॉल्टच्या वेळी ब्रेकरला अशी चार वेळा कसरत करायला कुणी देत नाही. शटडाउनसाठी ब्रेकर उघडायचाच असतो, तेव्हा रेकॉर्डर आधी लावून ठेवा आणि रिलेमधूनच ट्रिप द्या.

आणखी एक गोष्ट इथेच सांगतो, कारण तुमच्या प्रकरणात हेच पहिलं चित्र असेल तर ती घडली असणार. ट्रिप कॉइलचा करंट तोडणं हे ब्रेकरच्या ऑक्झिलरी कॉन्टॅक्टचं काम आहे. रिलेचा कॉन्टॅक्ट क्षणभर मोठा करंट जोडू शकतो, पण इंडक्टिव्ह डीसी तोडायची त्याची ताकद अगदी थोडी, अनेकदा अँपिअरच्या काही अंशांएवढीच. ब्रेकर अडकला, ऑक्झिलरी उघडला नाही, इनकमरने फॉल्ट तोडला आणि मग रिले रिसेट झाला. म्हणजे कॉइलचा अख्खा करंट रिलेच्याच कॉन्टॅक्टला तोडावा लागला. तो कॉन्टॅक्ट जळलेला किंवा चिकटलेला असू शकतो. ब्रेकर दुरुस्त केला, रिलेचा डिस्प्ले हसतोय, आणि आत कॉन्टॅक्टच मेलेला, असं पुढच्या फॉल्टला व्हायला नको. कॉइलही इतका वेळ चालू राहण्यासाठी बनवलेली नसते. तिचा रोध मोजा.

बॅटरीबद्दल थोडक्यात. चार्जर चालू असताना मोजलेलं व्होल्टेज हे चार्जरचं असतं. चार्जर बंद करा, बॅटरीवर लोड टाका, मग मोजा, आणि प्रत्येक सेलचं वेगळं मोजा. डीसी अर्थ लीकेजचा (बॅटरीची वायर जमिनीला लागल्याचा) अलार्म महिनोन्महिने 'अॅक्सेप्ट' करून ठेवायची सवय फार वाईट. एका ठिकाणी अर्थ झाला तर लगेच काही बिघडत नाही असं पुस्तकात असतं, पण लांब केबलच्या कपॅसिटन्समुळे संवेदनशील बायनरी इनपुट (रिलेला चालू-बंद संकेत देणारं) तेवढ्यानेही उचलल्याची उदाहरणं आहेत. आणि दुसरा अर्थ कुठे पडेल त्यावर विनाकारण ट्रिप होणार की ट्रिपच होणार नाही हे ठरतं.

आता दुसरं चित्र: रिले मोजत राहिला. इथे दोष सेटिंगमध्ये, आणि इंजेक्शन टेस्ट त्याला कधीच पकडत नाही, कारण टेस्ट करणारा रिलेला त्याच्याच सेटिंगशी ताडून बघतो. एक नेहमीचा प्रकार बघा. लोड वाढलं म्हणून फीडरचा सीटी २००/१ (प्रायमरीला २०० अँपिअर तर सेकंडरीला १) वरून ४००/१ टॅपवर घेतला. रिलेत सेटिंग १ अँपिअर तसंच राहिलं, टाइम मल्टिप्लायर (वेळेला गुणणारा आकडा) ०.१ आणि वक्र स्टँडर्ड इन्व्हर्स (करंट जितका मोठा तितकी वेळ कमी). आधी २०० अँपिअरला असलेला पिकअप आता ४०० ला गेला. २००० अँपिअरचा फॉल्ट आधी सेटिंगच्या १० पट होता, आता ५ पट. मल्टिप्लायर १ धरला तर १० पटीला २.९७ सेकंद आणि ५ पटीला ४.२८ सेकंद, म्हणजे ०.१ वर ०.३० सेकंदाचे ०.४३ झाले. इनकमर आणि फीडर यांच्यात साधारण ०.३ सेकंदांचं अंतर ठेवलं असेल तर त्यातले ०.१३ असेच गेले. ब्रेकर थोडा सुस्त असला की उरलेलंही गेलं. किट लावलंत तर रिले १ अँपिअरला उचलेल, वेळ बरोबर देईल आणि रिपोर्टवर 'समाधानकारक' असा शेरा बसेल.

सेटिंग जुनं राहणं ही किरकोळ कारकुनी चूक नाही. ९ नोव्हेंबर १९६५ ला अमेरिकेचा ईशान्य भाग आणि कॅनडाचा ओंटारिओ मिळून सुमारे ३ कोटी लोक अंधारात गेले. त्याची सुरुवात नायगाराजवळच्या सर अॅडम बेक वीजकेंद्रातल्या एका बॅकअप रिलेने केली. त्या रिलेत बिघाड नव्हता. लाइनवरचा प्रवाह वाढत गेला आणि सेटिंग जिथल्या तिथे राहिलं. एक लाइन गेल्यावर तिचा भार शेजारच्या लाइनींवर पडला आणि त्याही गेल्या. ३० जुलै २०१२ ला पहाटे २ वाजून ३३ मिनिटांनी बिना–ग्वाल्हेर ही ४०० केव्ही लाइन गेली आणि भारताची उत्तर ग्रिड कोसळली, तेव्हाही फॉल्ट नव्हता. लोड इतकं वाढलं होतं की डिस्टन्स रिलेला (फॉल्टचं अंतर मोजणाऱ्या) ते तिसऱ्या झोनच्या, म्हणजे त्याच्या सर्वांत दूरच्या बॅकअप टप्प्याच्या, आत दिसलं. दोन्ही रिले दुसऱ्या दिवशी किटवर लावले असते तर पास झाले असते.

म्हणून टेस्टच्या आधी मंजूर सेटिंग शीट, रिलेतून काढलेली फाइल आणि सीटीच्या नेमप्लेटवरचा टॅप हे तिन्ही समोरासमोर ठेवा. टॅप डोळ्यांनी बघायचा, ड्रॉइंगवरून नाही. अर्धा तास जातो, पण माझ्या मते सगळ्या टेस्टिंगमधला हा सर्वांत कामाचा अर्धा तास.

तिसरं चित्र: रिलेला फॉल्ट दिसलाच नाही. मग सीटी आणि त्याची वायरिंग. कुठेतरी शॉर्टिंग लिंक (सीटीचा करंट रिलेपर्यंत न जाता वळवणारी पट्टी) राहिली असेल, किंवा सेकंडरीला दोन ठिकाणी अर्थ असेल. सीटीच्या सर्किटला अर्थ एकाच ठिकाणी हवा. दुसरा अर्थ आला की काही करंट रिलेला वळसा घालून जमिनीतून फिरतो, आणि फॉल्टच्या वेळी दोन अर्थांमधला व्होल्टेजचा फरक नसलेला करंटही दाखवतो. शोधायची रीत सोपी आहे: शटडाउनमध्ये अधिकृत अर्थ सोडवा आणि राहिलेल्या सर्किटचं मेगर (इन्सुलेशनचा रोध) घ्या. शून्य आलं तर दुसरा कुठेतरी दडलेला आहे. मेगर घेताना न्यूमेरिकल रिलेचे इलेक्ट्रॉनिक इनपुट वेगळे केल्याची खात्री करा, आणि सगळं झाल्यावर तो अर्थ परत जोडा. हे वाक्य मी दोनदा लिहायला हवं.

सीटी सॅच्युरेट होत असेल (त्याचा कोअर चुंबकत्वाने भरत असेल) तर रेकॉर्डमधली लहर मध्येच कापल्यासारखी दिसते. सीटीवर लिहिलेलं ५पी२० म्हणजे रेटेड करंटच्या २० पटीपर्यंत कॉम्पोझिट एरर ५ टक्क्यांच्या आत, पण रेटेड बर्डन (सेकंडरीवरचा भार) असताना. वायर लांब आणि बारीक झाली की ते गणित बदलतं. नी पॉइंट, म्हणजे सॅच्युरेशन सुरू होण्याची जागा, काढायचा तर प्रायमरी उघडी ठेवून सेकंडरीला व्होल्टेज चढवत जा. व्होल्टेज १० टक्के वाढवल्यावर मॅग्नेटायझिंग करंट ५० टक्के वाढला की तो नी पॉइंट. आकड्यापेक्षा कमिशनिंगच्या वेळच्या वक्राशी तुलना महत्त्वाची, कारण आतला एखादा वेढा शॉर्ट झाला तर वक्र खाली बसतो. वाइंडिंगचा रोध डीसीने मोजायचा असेल तर तो आधी मोजा आणि मॅग्नेटायझेशन शेवटी घ्या. डीसीने कोअरमध्ये चुंबकत्व मागे राहतं. एसी हळूहळू शून्यावर आणला की ते निघून जातं. उलट क्रमाने केलंत तर सीटी अर्धवट भरलेला ठेवून तुम्ही घरी जाल. आणि चालू सीटीची सेकंडरी उघडायची नाही, हे सगळ्यांना माहीत असतं, तरीही दर काही वर्षांनी कुठेतरी कुणाचा तरी हात भाजतो. प्रायमरीचा सगळा करंट मग कोअर भरण्यातच जातो आणि सेकंडरीवर किलोव्होल्टमध्ये शिखरं उठतात.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो. न्यूमेरिकल रिलेचा वॉचडॉग (स्वतःची तपासणी करणारी आतली यंत्रणा) खरंच खूप काही पाहतो: प्रोसेसर, मेमरी, अॅनलॉग-डिजिटल कन्व्हर्टर, आतला पॉवर सप्लाय. यांतलं काही बिघडलं तर तो कॉन्टॅक्ट सोडतो आणि अलार्म येतो, अर्थात त्या कॉन्टॅक्टला कुणी वायर जोडली असेल तर. मी अशी पॅनेलं पाहिली आहेत जिथे वॉचडॉगचे दोन्ही टर्मिनल कारखान्यातून आले तसे कोरे होते. त्याला दिसत नाही ते मात्र बरंच आहे. आउटपुट कॉन्टॅक्ट खरोखर मिटतो का, बायनरी इनपुटच्या दारापर्यंत वायर आली आहे का, सेटिंग बरोबर आहे का, हे तो सांगू शकत नाही. त्याच्या वक्राची अचूकता ही सॉफ्टवेअरची बाब आहे आणि सॉफ्टवेअर गंजत नाही. त्यामुळे दर वर्षी २, ५ आणि १० पटीला वेळ मोजत बसण्यात मला अर्थ वाटत नाही. कमिशनिंगला, सेटिंग बदलल्यावर आणि फर्मवेअर बदलल्यावर तेवढं पुरे.

त्याऐवजी चालू लोडवर रिलेचा मीटरिंगचा पडदा उघडा. तिन्ही फेजचे करंट दुसऱ्या मीटरशी ताडा, कोन बघा, रेसिड्युअल करंट (तिन्हींची बेरीज) जवळपास शून्य आहे का बघा. यात सीटीपासून कन्व्हर्टरपर्यंतचा अख्खा मार्ग एका नजरेत तपासला जातो, शटडाउनशिवाय. मग आउटपुट आणि इनपुट प्रत्यक्ष हलवून बघा. ज्या फॉल्टला रिले आणि ब्रेकर दोघांनी बरोबर काम केलं त्याचा रेकॉर्ड टेस्ट रिपोर्ट म्हणूनच जपून ठेवा. त्याहून खरी टेस्ट कुठलंही किट देत नाही. दहा-पंधरा वर्षं झालेल्या रिलेच्या पॉवर सप्लायमधले इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर म्हातारे होतात, तिकडे लक्ष असू द्या. अशा रिलेचा डीसी बंद करून पुन्हा दिला की तो उठतच नाही, असा अनुभव अनेकांना असेल.

जुन्या डिस्कच्या (फिरत्या चकतीच्या) रिलेची तऱ्हाच वेगळी. तो मेला तरी ओरडत नाही, म्हणून त्याला नेमाने भेटावंच लागतं. काच काढायच्या आधी धूळ पुसा, नाहीतर ती आत पडते. मग काहीही साफ न करता पहिलं टायमिंग घ्या. कोळ्याचा एक तंतू किंवा ड्रॅग मॅग्नेटच्या फटीतला लोखंडाचा कण डिस्क धरून ठेवतो, आणि तुम्ही आधी ब्रश फिरवलात तर रिले किती दिवस मेलेला होता हे कधीच कळणार नाही. सेटिंगच्या १.३ पटीला कॉन्टॅक्ट मिटलाच पाहिजे. डिस्क हाताने फिरवून सोडली की ती अडखळत नाही ना, पूर्ण मागे येते ना ते बघा. कॉन्टॅक्टला सँडपेपर लावू नका, बर्निशर वापरा. स्पायरल स्प्रिंगला हात लावायचा मोह आवरा. टायमिंग चुकलं की लोक आधी स्प्रिंगच पिळतात आणि मग पिकअपही जातो.

एक बारकावा अनेकांना माहीत नसतो. या रिलेची कॉइल इंडक्टिव्ह, शिवाय मोठ्या करंटला तिचा गाभा सॅच्युरेट होतो. किटची व्होल्टेज देण्याची ताकद तोकडी असेल तर करंटची लहर साइन राहत नाही, आकडा बरोबर दिसतो आणि वेळ चुकीची येते. चांगल्या रिलेला दोष देण्याआधी लहर बघा. गरज पडली तर सीरिजमध्ये रोध घाला. १० पटीचं इंजेक्शन लागोपाठ देऊ नका, कॉइल तापते. प्लग सेटिंग बदलताना प्लग उपसला की रिले आपोआप सर्वांत मोठ्या टॅपवर जातो, सीटी उघडा पडू नये म्हणूनच तशी सोय असते. म्हणजेच प्लग नीट न बसवता तुम्ही निघून गेलात तर रिले त्या टॅपवरच बसून राहील.

आता टेस्टिंगमुळेच होणाऱ्या अपघातांबद्दल. इंजेक्शन देण्याआधी फक्त स्वतःच्या ब्रेकरचा ट्रिप लिंक उघडून भागत नाही. ब्रेकर फेल्युअर प्रोटेक्शन, म्हणजे एलबीबी (ब्रेकर अडकला तर आजूबाजूचे ब्रेकर उघडणारं), याला जाणारी इनिशिएशनची (सुरुवातीच्या संकेताची) लिंकही उघडा. नाहीतर रिले ट्रिप देतो, एलबीबीला तुमच्या किटचा करंट वाहताना दिसतो, ब्रेकर अडकला असं त्याला वाटतं आणि तो अख्खी बस रिकामी करतो. बसबार प्रोटेक्शन, इंटरट्रिप (दुसरा ब्रेकर पाडणारा संकेत), दुसऱ्या टोकाला जाणारा कॅरिअर सिग्नल, सगळ्यांची यादी ड्रॉइंगवरून काढूनच कामाला बसा. जिथे वायरऐवजी नेटवर्कवरून जाणारे गूज (GOOSE) संदेश असतात तिथे उघडायला लिंकच नसते. तिथे रिलेचा टेस्ट मोड वापरावा लागतो, आणि समोरचा रिले तो मोड ओळखतो का हे आधीच बघून ठेवावं लागतं.

आणि उघडलेलं परत लावणं. ही चूक मी स्वतः केली आहे. ट्रान्सफॉर्मरच्या डिफरन्शियलचं (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या करंटची तुलना करणाऱ्या प्रोटेक्शनचं) काम होतं, रात्री उशिरा संपलं. एलव्ही (कमी व्होल्टेजच्या) बाजूच्या वाय फेजला टर्मिनलवर शॉर्टिंग लिंक मीच टाकली होती आणि ती तिथेच राहिली. ट्रान्सफॉर्मर चार्ज झाला, रिकामा असल्यामुळे काहीच झालं नाही, आम्ही सह्या करून झोपायला गेलो. सकाळी लोड चढायला लागलं, साधारण २० टक्क्यांपाशी ८७ (डिफरन्शियल रिले) उचलला, ८६ (मास्टर ट्रिप रिले) पडला, ट्रान्सफॉर्मर गेला. डिफरन्शियल पडला म्हणजे आत काहीतरी जळलं असणार असं धरून सगळे तेलाच्या नमुन्याच्या आणि वाइंडिंगच्या रोधाच्या मागे लागले. दुपारी एका वायरमनने टॉर्च मारून ती लिंक दाखवली, पितळेची, माझ्या नखाएवढी. रिलेच्या रेकॉर्डमध्ये वाय फेजचा एलव्ही करंट सपाट शून्य होता. सकाळीच उघडून पाहिला असता तर दोन मिनिटांत कळलं असतं.

तेव्हापासून माझा नियम आहे: काढलेली प्रत्येक वायर, उघडलेली प्रत्येक लिंक, टाकलेला प्रत्येक शॉर्ट कागदावर लिहायचा, आणि परत लावताना एकाने वाचायचं, दुसऱ्याने हात लावून बोलायचं. टेस्टसाठी रिलेतलं एखादं फंक्शन बंद केलं असेल तर काम संपल्यावर सेटिंग फाइल पुन्हा उतरवून मूळ फाइलशी ताडायची. चार्ज झाल्यावर लोड येईपर्यंत जागेवर थांबायचं आणि डिफरन्शियल करंट वाचूनच निघायचं.

डिफरन्शियलची स्टॅबिलिटी (आरपार जाणाऱ्या करंटला तो गप्प राहतो का ते) शटडाउनमध्येच बघता येते, हे तेव्हा केलं असतं तर वाचलो असतो. एलव्ही बाजू सीटीच्या पलीकडे तिन्ही फेज शॉर्ट करा आणि एचव्हीला (जास्त व्होल्टेजच्या बाजूला) ४१५ व्होल्ट तीन फेज द्या. समजा ट्रान्सफॉर्मर ५० एमव्हीए, १३२/३३ केव्ही, इम्पीडन्स १२.५ टक्के. एचव्हीचा रेटेड करंट २१८.७ अँपिअर, पूर्ण व्होल्टेजला शॉर्ट सर्किट करंट त्याच्या ८ पट, आणि ४१५ व्होल्टला त्यातून उरतात ५.५ अँपिअर. एलव्हीला २२ अँपिअर. एचव्ही सीटी २५०/१ आणि एलव्ही १०००/१ असेल तर दोन्हीकडे सेकंडरीला २२ मिलिअँपिअर येतात. इतका बारीक करंट पॅनेलच्या मीटरवर दिसणार नाही, चांगला लीकेज क्लॅम्प मीटर लागतो. आधी हे गणित करून न गेल्यामुळे 'करंटच येत नाही' म्हणून परतलेली माणसं मी पाहिली आहेत. मग एका सीटीची पोलॅरिटी मुद्दाम उलटी करून डिफरन्शियल करंट वाढतो का बघा, म्हणजे तुमचं मोजमाप खरं की खोटं ते कळतं. आणि ती पोलॅरिटी परत सरळ करा.

किती दिवसांनी काय करायचं, याला एकच उत्तर नाही. उत्तर अमेरिकेत नियामकाचं पीआरसी-००५ हे मानक आहे. त्यात देखरेखीविना असलेल्या रिलेला जास्तीत जास्त ६ वर्षं दिली आहेत, आणि स्वतःची तपासणी करून अलार्म देणाऱ्या मायक्रोप्रोसेसर रिलेला १२ वर्षं. ट्रिप कॉइल मात्र प्रत्यक्ष चालवून बघायला ६ वर्षांपेक्षा जास्त मुभा नाही. म्हणजे तिथेही रिलेपेक्षा कॉइलवरचा विश्वास कमी आहे. मी स्वतः डिस्कचे रिले वर्षा-दोन वर्षांनी पाहतो, न्यूमेरिकलचं पूर्ण इंजेक्शन चार ते सहा वर्षांनी, पण रिलेतून ब्रेकरपर्यंतची ट्रिप प्रत्येक फीडरला वर्षातून एकदा तरी, शटडाउन दुसऱ्या कुठल्या कामाचा का असेना. धूळ, दमट हवा, जवळ रसायनं असतील तर टर्मिनलची तपासणी त्याहून आधी.

तुमच्या फीडरपुरतं सांगायचं तर रेकॉर्ड उतरवल्यावर ट्रिप कॉइलच्या दोन टर्मिनलांवर रेकॉर्डर लावा आणि कुणालाही ब्रेकर आधी हलवू न देता रिलेतून एक ट्रिप द्या. कॉइलवर शंभराच्या आसपास व्होल्ट आले आणि तरी ब्रेकर हलला नाही, तर यंत्रणा उघडा. सत्तर-पंचाहत्तरच आले, तर ब्रेकरला हात लावू नका. डीसीच्या पॉझिटिव्हपासून सुरुवात करून एकेक टर्मिनल ओलांडत जा, प्रत्येक टप्प्यावर ट्रिपच्या क्षणी किती व्होल्ट पडतात ते मोजा, आणि निगेटिव्हची परतीची वायर विसरू नका. मला असे जॉइंट जास्त वेळा परतीच्या वाटेवरच सापडले आहेत, कारण तिकडे कुणी बघतच नाही.